चुकीचा माग

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात टेंभली नावाचे एक लहानसे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी हे गाव एकाएकी साऱ्या देशाच्या नजरेसमोर आले. ‘आधार’ हा बारा अंकी ओळखक्रमांक भारतात सर्वप्रथम देण्यात आला तो त्या दिवशी, आणि तोही याच गावातील रहिवाशांना. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या समारंभास उपस्थित होते. त्यानंतर देशातील कोट्यवधी लोकांना असे क्रमांक मिळाले. आज शाळेत, बँकेत, शिधावाटप दुकानात हा क्रमांक ठिकठिकाणी लिहावा लागतो.

बारा अंक लिहिताना माणसाचा हात चुकणे अगदी स्वाभाविक आहे. एकाच्या जागी सात पडतो; शेजारचे दोन अंक मागेपुढे होतात. असा चुकलेला क्रमांक संगणकास दिला, की तो तत्काळ उत्तर देतो, ‘हा क्रमांक योग्य नाही.’ हे त्याला कसे कळते? साऱ्या देशाची यादी तो पडताळून पाहतो काय? मुळीच नाही. हे रहस्य त्या क्रमांकाच्या शेवटच्या अंकात आहे. पहिल्या अकरा अंकांवर एका ठरावीक रीतीने हिशेब केला असता जो अंक येतो, तोच बारावा अंक म्हणून लिहिलेला असतो. म्हणजे बारावा अंक हा इतर अकरांचा राखणदार होय.

ही युक्ती एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ४, ३ आणि ६ या अंकांची बेरीज १३ होते. तिचा शेवटचा अंक ३. तो पुढे लिहिला की ४३६३ हा क्रमांक तयार होतो. आता कोणी चुकून ४५६३ असे लिहिले, तर पहिल्या तीन अंकांची बेरीज १५ होईल आणि शेवटी ५ हवा होता, तेथे ३ दिसेल. चूक उघडकीस आली! परंतु कोणी ३४६३ असे लिहिले, तर बेरीज तीच राहते आणि चूक निसटून जाते. म्हणून ‘आधार’साठी याहून चतुर रीत योजिली आहे. व्हरहूफ नावाच्या डच गणितज्ञाने ती १९६९ साली प्रसिद्ध केली. एखादा अंक बदलला किंवा शेजारचे दोन अंक मागेपुढे झाले, तर ही रीत ते अचूक ओळखते.

तथापि येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ४५६३ हा क्रमांक चुकलेला आहे, एवढे राखणदार सांगतो. पण कोणता अंक चुकला, हे तो सांगू शकत नाही. मूळ क्रमांक ४३६३ असेल, २५६३ असेल, ४५४३ असेल किंवा ४५६५ असेल. हे चारही क्रमांक नियमात बसतात. तेव्हा लिहिणाऱ्याला पुन्हा मूळ कागदाकडेच जावे लागते. चूक झाली हे कळणे निराळे आणि ती कोठे झाली हे सापडणे निराळे. पहिले काम यंत्र करू शकते. दुसऱ्यासाठी माणसाला माग काढावा लागतो.

बारा अंकांत चूक शोधणे फारसे अवघड नाही. परंतु शेदोनशे पानांचे पुस्तक असेल तर? पूर्वी पुस्तके शिशाचे खिळे जुळवून छापली जात. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेला निर्णयसागर छापखाना आपल्या सुबक आणि शुद्ध छपाईमुळे नावाजला होता. तशा छापखान्यांतील जुळारी एकेक खिळा उचलून ओळ सिद्ध करी. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते. तेव्हा खिळा चुकीचा लागला, तर तो तेथल्या तेथे कळणे कठीण जाई. खिळा तर मुका. तो काही तक्रार करीत नसे. म्हणून आधी कच्चा कागद छापून काढीत, मुद्रितशोधक तो अक्षरन् अक्षर तपासून चुकांवर खुणा करी आणि जुळारी त्याप्रमाणे खिळे बदली. इतके करूनही एखादी चूक राहिली, तर पुस्तकाला शुद्धिपत्र जोडण्याची प्रथा होती.

पुढे संगणकाचे युग आले आणि अक्षरजुळणीचे काम संगणक करू लागला. या क्षेत्रात अमेरिकेतील डोनल्ड कनूथ या गणितज्ञाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली तयार होत होती. खिळ्यांची जुनी पद्धत जाऊन छायाचित्रणाची नवी पद्धत तोवर आली होती. त्या पद्धतीने जुळवलेली कच्ची पाने कनूथ यांच्या हाती पडली, तेव्हा त्यांचा विरस झाला. अक्षरांचे रूप त्यांना मुळीच आवडले नाही. दुसरा एखादा लेखक हळहळून गप्प बसला असता. कनूथ यांनी मात्र ठरवले, की संगणकाकडून सुंदर पाने जुळवून घेणारी व्यवस्था आपणच निर्माण करायची. काम थोडक्यात आटोपेल असा त्यांचा अंदाज होता. परंतु ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. या व्यवस्थेचे नाव ‘टेक्’. कला आणि कौशल्य असा अर्थ असलेल्या एका ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर ‘लेटेक्’ नावाची अधिक सोपी व्यवस्था रचली. या दोन्ही व्यवस्था विनामूल्य मिळतात आणि जगभरचे विद्वान आपले ग्रंथ व निबंध त्यांच्या साहाय्याने सिद्ध करतात.

टेक्‌ने लिहिण्याची रीत थोडी वेगळी आहे. लेखक मजकूर लिहितो आणि त्याबरोबरच आज्ञाही लिहितो. आज्ञेच्या आधी एक उलटी तिरपी रेघ असते. त्या रेघेवरून पुढचा शब्द छापायचा नसून पाळायचा आहे, हे संगणकास समजते. ‘हे शीर्षक आहे’, ‘हे शब्द ठळक कर’, ‘येथे यादी सुरू होते’, अशा त्या आज्ञा असतात. आज्ञा कोठपासून कोठपर्यंत लागू आहे, हे दाखवण्यासाठी मजकूर महिरपी कंसात घालतात. एक कंस उघडतो, दुसरा मिटतो. संगणक हे सारे वरपासून खालपर्यंत क्रमाने वाचतो आणि पाने जुळवतो. वाचताना अडखळला, की थांबतो आणि संदेश देतो.

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या शाळेच्या मुलांनी एक पुस्तिका करावयाचे ठरवले. या जिल्ह्यात घराघरांतून भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी अशा भाषा बोलल्या जातात. त्यांतील कित्येक शब्द केवळ वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. कागदावर ते क्वचितच उतरले आहेत. झाडांची नावे, धान्य राखण्याच्या रीती, मोहाची फुले कशी वेचावी, आमचूर कसे करावे, हे सर्व आजी-आजोबांना विचारून मुलांनी लिहून घेतले. मग ते संगणकावर टंकले आणि पाने जुळवण्याची आज्ञा दिली. पाने तर आली नाहीतच. उलट पडद्यावर ओळीमागून ओळी भरभर उमटल्या आणि शेवटी एक प्रश्नचिन्ह उभे राहिले. अशा वेळी नवशिका घाबरतो. आपले सारे लिहिणे नष्ट झाले, असे त्यास वाटते. प्रत्यक्षात मजकुराला काडीचाही धक्का लागलेला नसतो. संगणक कोठे तरी अडला आहे आणि ‘पुढे काय करू?’ असे विचारत आहे, एवढाच त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ होय.

तो संदेश शांतपणे वाचला पाहिजे. त्याची रचना ठरलेली असते. ज्या ओळीच्या प्रारंभी उद्गारचिन्ह असते, त्या ओळीत तक्रारीचे कारण दिलेले असते. उदाहरणार्थ, ‘ही आज्ञा मला ठाऊक नाही.’ त्याखाली मजकुरातील ओळीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकापुढे ती ओळच दोन तुकडे करून दाखवलेली असते. संगणकाने जेवढा भाग वाचला तेवढा वरच्या ओळीत आणि जो वाचावयाचा राहिला तो खालच्या ओळीत. जेथे ओळ मोडली, तेथेच संगणकाचे पाऊल अडखळले. आज्ञेचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले असेल, तर ते नेमके त्या मोडीच्या ठिकाणी सापडते. अक्षर सुधारावे आणि पुन्हा जुळणी करावी, काम संपले.

सर्वच चुका इतक्या सरळ असत्या, तर माग काढण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. समजा, एकतिसाव्या ओळीत मुलांनी एका शीर्षकासाठी महिरपी कंस उघडला आणि तो मिटवावयाचे राहून गेले. संगणक काय करील? कंस उघडला आहे, तेव्हा पुढे कोठे तरी तो मिटेलच, अशा समजुतीने तो वाचत राहील. बत्तिसावी ओळ, तेहतिसावी ओळ, सारे काही शीर्षकाचाच भाग समजून तो पोटात घेईल. चौतिसाव्या ओळीवर परिच्छेद संपला, म्हणजे त्यास शंका येईल आणि तो सांगेल, ‘परिच्छेद संपला, पण आज्ञा पुरी झाली नाही.’ ओळीचा क्रमांक तो ३४ सांगेल. मुले चौतिसावी ओळ पुन्हा पुन्हा पाहतील; तेथे तर काहीच चुकलेले नाही! मग संगणकच चुकला असे त्यांना वाटेल. संगणक खोटे बोललेला नाही. आपण कोठे अडखळलो ते त्याने सांगितले; दगड रस्त्यात कोठे पडला होता ते मात्र त्याला ठाऊक नव्हते.

नंदुरबारचा परिसर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मिरचीच्या मळ्यात पाटाने पाणी देताना शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर शेतकरी त्या वाफ्यातच खोदत बसत नाही. पाणी तेथे पोचले नाही हे त्या वाफ्याने सांगितले. पण पाट फुटला आहे तो वरच्या बाजूस, हे त्यास ठाऊक असते. म्हणून तो पाटाच्या काठाने उलटा, उगमाकडे चालू लागतो. संदेशाचेही तसेच आहे. संदेशात दिलेली ओळ म्हणजे कोरडा वाफा होय. चूक त्या ओळीत असेल किंवा तिच्या वर असेल. जो मजकूर संगणकाने अद्याप वाचलाच नाही, त्यात ती असू शकत नाही. एवढ्या एका विचाराने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते. शिवाय वरील प्रसंगी टेक् आणखी एक खूण ठेवतो. उद्गारचिन्हाच्या आधी तो ‘मजकूर उधळला काय?’ असे विचारतो आणि त्याने पोटात घेतलेल्या मजकुराचे आरंभीचे शब्द दाखवतो. ते शब्द पाहिले, की न मिटलेल्या कंसाची जागा आपोआप सापडते. घाईने केवळ ओळीचा क्रमांक पाहणाऱ्याच्या दृष्टीस ही खूण पडत नाही. सबंध संदेश वाचणाऱ्याच्या पडते.

कित्येकदा एका चुकीपाठोपाठ चुकांची रांगच लागते. यादी सुरू करणारी आज्ञा चुकली, तर यादीतील प्रत्येक ओळ संगणकास अनाकलनीय वाटते आणि तो प्रत्येक ओळीवर तक्रार करतो. एकाच परिच्छेदात शंभर तक्रारी झाल्या, म्हणजे टेक् स्वतःच कंटाळून काम थांबवतो! शंभर तक्रारी म्हणजे शंभर चुका नव्हेत. सदऱ्याची पहिली गुंडी चुकीच्या काजात गेली, तर खालच्या साऱ्या गुंड्या चुकतात. त्या एकेक करून दुरुस्त करणे हा वेडेपणा ठरेल. म्हणून नियम असा, की पहिली तक्रार आधी पाहावी, ती दूर करावी आणि पुन्हा जुळणी करावी. उरलेल्यांपैकी बहुतेक तक्रारी त्यानंतर नाहीशा झालेल्या आढळतात.

तरीही कधी कधी संदेश वाचून काही उलगडा होत नाही. लेखकाने जी आज्ञा कधी लिहिलीच नाही, तिचे नाव संदेशात येते. याचे कारण असे, की मोठी आज्ञा अनेक लहान आज्ञांची मिळून बनलेली असते आणि संगणक आतल्या एखाद्या लहान आज्ञेवर अडतो. अशा वेळी अर्ध्यावर तोडण्याची युक्ती कामी येते. मजकुराची एक प्रत करून घ्यावी आणि तिच्यातील खालचा अर्धा भाग काढून ठेवून जुळणी करावी. तक्रार नाहीशी झाली, तर चूक काढलेल्या भागात आहे. कायम राहिली, तर उरलेल्या भागात आहे. ज्या भागात चूक आहे त्याचे पुन्हा दोन भाग करावे. मात्र आरंभाची आज्ञा एका भागात आणि समाप्तीची दुसऱ्या भागात, अशी जोडी फुटू देऊ नये. नाही तर नवीच तक्रार उत्पन्न होईल. ही युक्ती दिसते साधी, पण तिचे सामर्थ्य मोठे आहे. १०२४ ओळींचा मजकूर पहिल्या खेपेस ५१२ ओळींवर येतो, दुसऱ्या खेपेस २५६ वर, तिसऱ्या खेपेस १२८ वर, आणि दहाव्या खेपेस एकच ओळ उरते. हजार ओळी डोळ्यांखालून घालण्याऐवजी दहा प्रयोगांत चूक हाती लागते. चतुर शेतकरीही पाटाच्या अगदी उगमापासून न पाहता आधी मध्यावर जाऊन पाणी येते की नाही ते पाहील.

देवनागरी लिपीच्या बाबतीत पूर्वी आणखी एक घोटाळा होत असे. टेक् इंग्रजीसाठी निर्माण झाला होता. त्यास देवनागरी अक्षरे थेट देता येत नसत. १९९१ साली नेदरलँड्‌समधील फ्रान्स व्हेल्थुइस यांनी त्यासाठी एक साधन तयार केले. मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा. मग हे साधन त्यावरून दुसरी एक फाइल तयार करी आणि टेक् त्या दुसऱ्या फाइलवरून देवनागरी पाने जुळवी. साहजिकच टेक् जेव्हा एखाद्या ओळीचा क्रमांक सांगे, तेव्हा तो त्या मधल्या फाइलमधला क्रमांक असे. लेखक आपल्या मूळ फाइलमधील त्या क्रमांकाच्या ओळीत चूक शोधू लागला, तर त्याचे श्रम वाया जाण्याची भीती असे. सांगणारा कोणत्या कागदाविषयी सांगत आहे, हे आधी समजून घेतले पाहिजे, हा धडा त्यातून मिळतो. पुढे २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी ‘झीटेक्’ ही व्यवस्था प्रसिद्ध केली. तिला देवनागरी मजकूर जसाच्या तसा देता येतो. त्यामुळे मधली फाइल नाहीशी झाली आणि माग काढणे सोपे झाले.

आतापर्यंत ज्या चुका पाहिल्या, त्या ओरडून आपले अस्तित्व सांगणाऱ्या होत्या. याहून भयंकर असतात त्या मुक्या चुका. मुलांच्या पुस्तिकेत समजा अशी एक ओळ होती: ‘यंदा ८०% रोपे उगवली, कारण आजीने बी राखेत जपून ठेवले होते.’ टेक्‌च्या भाषेत शेकड्याच्या चिन्हाला विशेष अर्थ आहे. ‘या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लेखकाच्या स्वतःच्या माहितीसाठी आहे, तो छापू नये’, असा तो अर्थ. तेव्हा पानावर ‘यंदा ८०’ एवढेच छापले जाईल आणि बाकीची ओळ नाहीशी होईल. कसलीही तक्रार नाही, उद्गारचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही! संगणकाच्या दृष्टीने सारे काही यथास्थित पार पडलेले असेल. परंतु आजीने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले ज्ञान पुस्तिकेतून गळून गेलेले असेल. उपाय अगदी क्षुल्लक आहे: त्या चिन्हाच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी, म्हणजे ते साधे चिन्ह म्हणून छापले जाते. परंतु छापील पान मूळ वहीशी ताडून पाहिल्यावाचून ती चूक कळणारच कशी?

दुसरी मुकी चूक अक्षरांच्या अभावाची. प्रत्येक अक्षरसंचात जगातील सर्व अक्षरे नसतात. निवडलेल्या अक्षरसंचात एखादे अक्षर नसेल, तर संगणक काम थांबवीत नाही. त्या जागी कोरी जागा किंवा रिकामी चौकट सोडून पुढे जातो. ‘अमुक अक्षर या अक्षरसंचात नाही’ अशी नोंद तो आपल्या नोंदवहीत करून ठेवतो. या नोंदवहीस ‘लॉग’ म्हणतात. प्रत्येक जुळणीच्या वेळी ती आपोआप लिहिली जाते आणि पडद्यावर न आलेल्या कित्येक गोष्टी तिच्यात असतात. पाने दिसायला ठीक आली, तरी नोंदवही उघडून पाहण्याची सवय जाणते लोक मोडत नाहीत.

सर्वांच्या परिचयाचा एक अगदी लहान संदेशही येथे सांगण्यासारखा आहे. संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर मराठी लिहिताना कधी कधी काना किंवा वेलांटीजवळ एक ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. पुष्कळांना तो यंत्राचा बिघाड वाटतो. वास्तविक तोही एक संदेशच आहे. ‘ही मात्रा कोणत्या व्यंजनाला लावू? तिच्या आधी व्यंजनच नाही’, असे ते वर्तुळ सांगत असते. बहुधा व्यंजनाआधीच वेलांटी टंकलेली असते किंवा एकच मात्रा दोनदा पडलेली असते. शब्दाचा उरलेला भाग न खोडता त्या एका ठिकाणी लक्ष दिले, की वर्तुळ नाहीसे होते.

या विद्येचा सर्वांत मोठा धडा कनूथ यांनी स्वतःच्या आचरणाने दिला. टेक् रचताना त्यांच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांची ते १९७८ पासून नोंद ठेवीत गेले. प्रत्येक चूक कोणत्या प्रकारची, याचाही त्यांनी विचार केला आणि पंधरा वर्ग पाडले. कोठे टंकताना बोट चुकले, कोठे एखादी गोष्ट विसरली, कोठे सरळसरळ घोडचूक झाली. आठशेंहून अधिक नोंदींची ही यादी त्यांनी लपवून ठेवली नाही. १९८९ साली एका विस्तृत निबंधाबरोबर त्यांनी ती जगापुढे मांडली. आपल्या पुस्तकात प्रथम चूक दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचे बक्षीस देण्याचा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध आहे. टेक्‌मधील चुकीसाठी तर हे बक्षीस दरवर्षी दुप्पट होत गेले आणि ३२७.६८ डॉलरवर येऊन स्थिरावले. कनूथ यांच्या सहीचा तो धनादेश न वटवता चौकटीत घालून भिंतीवर लावणारे लोक पुष्कळ होते. आपली चूक दाखवणारा माणूस हा आपला उपकारकर्ता आहे, ही भावना त्या धनादेशामागे आहे.

टेक्‌च्या आवृत्त्यांचे क्रमांकही मोठे गमतीचे आहेत. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१५९... असे कधीही न संपणारे आहे. टेक्‌मध्ये सुधारणा झाली, की आवृत्तीच्या क्रमांकात त्या गुणोत्तराचा एकेक अंक वाढवतात. २०२१ मधील आवृत्तीचा क्रमांक ३.१४१५९२६५३ असा आहे. क्रमांक पूर्णतेच्या अधिकाधिक जवळ जातो, पण पूर्णतेस पोचल्याचा दावा मात्र करीत नाही.

नंदुरबारच्या शाळेतील ती पुस्तिका सिद्ध होण्यास अशा रीतीने दहा-बारा खेपा लागतील. पहिल्या खेपेस आज्ञेचे नाव दुरुस्त होईल, दुसऱ्या खेपेस राहिलेला कंस मिटेल. नोंदवही वाचून कोणी हरवलेले अक्षर परत आणील. मग एखादी मुलगी मूळ वही हाती घेऊन छापील पानाशी ताडू लागेल आणि थबकून विचारील, ‘आजीने राखेत बी ठेवले होते, ते कोठे गेले?’ हा प्रश्न कोणत्याही यंत्राने विचारला नसता. कारण ओळ अपुरी राहिली, हे यंत्रास ठाऊकच नव्हते; आजीचे बोलणे प्रत्यक्ष ऐकलेल्या मुलीलाच ते ठाऊक होते. त्या एका चिन्हाआधी तिरपी रेघ पडेल आणि आजीची ओळ पुन्हा आपल्या जागी येईल.